बाळंतविडा शिवू या : नवशिक्या हातांसाठी पहिला धडा



मागच्या महिन्यात तीन-चार गावांच्या बैठकांत एकच प्रश्न आला. "मॅडम, आम्हाला शिवणकाम येत नाही, पण घरी बसून काही करता येईल का? लहान मुलांचं काही शिवता येईल का?" म्हणून या अंकात बाळंतविड्याचा धडा घेतला आहे. लेकीच्या, सुनेच्या, भाचीच्या बाळासाठी आपण झबलं, टोपडं, दुपटं देतो, तोच हा बाळंतविडा. कापड थोडं लागतं, शिवण सरळ असते, आणि चुकलं तरी नुकसान थोडक्यात भागतं. नवीन शिकणाऱ्या बाईने सुरुवात करावी तर इथूनच.

धड्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय या धड्यातल्या अर्ध्या गोष्टी का लिहिल्या आहेत ते कळणार नाही.

माझं झबलं अडकलं ती गोष्ट

मी समाजकार्याची पदवी घेऊन या कामात आले तेव्हा मला साधं बटणसुद्धा लावता येत नव्हतं. पण एका गटाने झबली शिवायची ठरवली आणि मापं आणायचं काम मी अंगावर घेतलं. भावाच्या मुलीचा एक जुना फ्रॉक घेतला, टेप लावली, लांबी, रुंदी, गळा सगळं वहीत लिहिलं. त्या फ्रॉकला पाठीमागे बटणपट्टी होती, ती मात्र लिहायची राहिली. माझ्या मापावर गटाने सोळा झबली शिवली. कापड अंतर्गत कर्जातून आणलं होतं.

त्यातलं पहिलं झबलं गटातल्याच एका ताईच्या नातवाला बारशाला दिलं. सगळ्या बायका जमलेल्या. आजीने झबलं बाळाच्या डोक्यावरून घातलं, ते कानापर्यंत आलं आणि अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. बाळाने असा टाहो फोडला की पाळणा म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. सोळाच्या सोळा झबली त्याच गळ्याची होती!

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी कात्री मागवली. झबलं हातात घेतलं आणि समोरून सरळ वरपासून खालपर्यंत कापलं. म्हणाल्या, "अगं पोरी, तान्ह्याचं झबलं कधी डोक्यातनं घालतात होय? समोरनं उघडं ठेव, बंद लाव." त्या आठवड्यात आम्ही सोळाही झबली उसवली, समोरून उघडली, बंद लावले. मी रात्री बसून बंद शिवत होते, तिथेच माझा पहिला टाका सुटला आणि दुसरा बसला. कर्ज फिटलं, पण दोन हप्ते उशिरा. पैसे गटाचे होते आणि चूक माझी होती, हे मी अजून विसरले नाही.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या छातीपेक्षा मोठं असतं. दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण साडेतेरा-चौदा इंच असतो आणि छातीचा घेर त्याहून सुमारे एक इंच कमी. वर्षाच्या आसपास छाती डोक्याला गाठते. मोठ्या माणसाच्या कपड्यात आपण छातीचं माप बघतो. तान्ह्याच्या कपड्यात आधी डोक्याचा विचार करायचा.

तुम्ही नवशिक्या नाही आहात

बऱ्याच जणी म्हणतात, "आम्हाला काहीच येत नाही." मी विचारते, गोधडी शिवली आहे का? लगेच सगळ्यांचे हात वर! गोधडीला आपण जो टाका घालतो तोच धावदोरा. तो ज्या हाताला येतो त्या हाताला बाळंतविड्याचं निम्मं काम येतं. बाकी दोन टाके शिकायचे.

१) धावदोरा – सुई वर-खाली, वर-खाली. टाके सारख्या अंतरावर. कडा टाचून ठेवायला, चुण्या घालायला, दुपट्यावर ओळी मारायला.

२) बखिया – एक टाका पुढे घालायचा, मग सुई मागच्या टाक्याच्या टोकाशी परत आणायची. मशिनच्या टिपेसारखी सलग ओळ दिसते. ज्या शिवणीवर ओढ पडते तिथे धावदोरा चालत नाही, बखियाच हवा. झबल्याच्या कुशीची शिवण आणि बंद यांना बखिया.

३) हेम – कड दोनदा आत दुमडायची आणि सुईने कापडाचे एक-दोनच धागे उचलत तुरपायची. सुलट बाजूने टाका जवळजवळ दिसत नाही.

आधी एक वीतभर चिंधीवर या तिन्ही टाक्यांच्या दोन-दोन ओळी घाला. ती चिंधी फेकू नका, तारीख लिहून ठेवा. महिन्याने दुसरी चिंधी शिवा आणि शेजारी ठेवून बघा. आपला हात किती सुधारला ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज राहत नाही.

सामान

- बारीक सुई. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मशिनच्या सुईचं उलट असतं. मलमल, वायलसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, पॉपलीनला १४ नंबर.
- कापडाच्या रंगाचा दोरा, टेप, खडू, धारदार कात्री. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, धार जाते.
- टाचण्या, मोजून. यावर पुढे सांगते.
- कापड : सुतीच. मलमल, वायल किंवा मऊ पॉपलीन. नायलॉन, सॅटीन, जरीचं कापड तान्ह्याला नको. घाम शोषला जात नाही आणि अंगावर पुरळ येतं.

कापड आधी भिजवा. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवून मग धुतलं तर झबलं आखूड होतं आणि शिवण ओढली जाते. म्हणून दुकानातून आणलेलं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी धुऊन वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा. पाण्यात रंग उतरतो का तेही इथेच कळतं. ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळासाठी नाही. बाळ कपड्याचं टोक तोंडात घालतंच.

संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळ्या झबल्यांना मागणी असते. काळ्या कापडाची ही रुमालाची परीक्षा दोनदा करा.

पहिलं काम : दुपटं

सुरुवात दुपट्याने करा, कारण यात माप चुकायला जागाच नाही.

१) कापडाचे ३४ इंच लांब आणि ३४ इंच रुंद असे दोन चौकोन घ्या. ३६ इंची पन्ह्याच्या कापडात एका मीटरात एक चौकोन बसतो.

२) दोन्ही चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा. चारही बाजूंनी टाचण्या लावा.

३) कडेपासून अर्धा इंच आत चारही बाजूंनी शिवा. एका बाजूला हात जाईल एवढी, म्हणजे पाच-सहा इंचांची फट ठेवा.

४) चारही कोपऱ्यांवरचं जादा कापड तिरकं कापा, टाक्याला धक्का न लावता. यामुळे कोपरे टोकदार निघतात.

५) फटीतून दुपटं सुलट करा. फट हेम करून बंद करा.

६) कडेपासून पाव इंच आत चारही बाजूंनी धावदोरा घाला. मधे दोन-तीन इंचांवर ओळी मारल्या तर दोन्ही थर सरकत नाहीत. इथे तुमची गोधडीची कला दाखवा. रंगीत दोरा घ्या, कोपऱ्यात एखादं फूल काढा.

घरच्या बाळासाठी जुनी मऊ सुती साडी किंवा लुगडं यासारखं कापड नाही. आपल्या आज्यांनी तेच वापरलं. उकळत्या पाण्यात टाकून, कडक उन्हात वाळवून, विरलेला भाग सोडून वापरा. पण विकायच्या दुपट्यात जुनं कापड घालायचं असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगा. नवं म्हणून जुनं विकलेलं एकदा जरी उघड झालं तर गटाचं नाव गेलं म्हणून समजा.

दुसरं काम : टोपडं

१) १४ इंच लांब, ७ इंच रुंद कापड घ्या.

२) १४ इंचाची एक लांब कड दोनदा दुमडून अर्धा इंचाचा हेम घाला. ही कड चेहऱ्याच्या बाजूला येईल.

३) आता कापड मधोमध घडी घाला, सुलट बाजू आत. साधारण ७ इंचाची चौकोनी घडी होईल. हेम घातलेली कड एका बाजूला, तिच्या समोरची उघडी कड दुसऱ्या बाजूला.

४) ती उघडी कड शिवा. ही डोक्यामागची शिवण. वर घडीजवळ टोक येतं, तिथे शिवण गोलाकार वळवा आणि जादा कापड कापा, नाहीतर टोपड्याला शिंग येतं! कापलेल्या कडा सुटू नयेत म्हणून एकत्र धरून वरून तुरपा.

५) खालच्या कडेला, म्हणजे मानेच्या बाजूला, एक इंच रुंदीची पट्टी गोटासारखी लावा.

६) दोन्ही टोकांना मऊ कापडाचे बंद लावा. प्रत्येक बंद शिवल्यावर पाच-सहा इंचांपेक्षा लांब नको. गाठ मारता येईल एवढा पुरे.

बंद लांब का नकोत? लांब नाडी बाळाच्या गळ्याभोवती आवळू शकते, पाळण्यात कशाला तरी अडकू शकते. टोपड्यासोबत देणाऱ्याने एवढं सांगावं की बाळ एकटं झोपलं असेल तेव्हा गळ्याशी बंद बांधून ठेवू नका.

तिसरं काम : बंदाचं झबलं

हे माप जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत चालतं. आधी जुन्या वर्तमानपत्रावर आखून कापा आणि मगच कापडाला कात्री लावा.

१) १६ इंच रुंद, २६ इंच लांब कापड घ्या.

२) लांबीत अर्धी घडी घाला. आता १६ बाय १३ झालं. वरची घडी म्हणजे खांदा.

३) मग डावी बाजू उजवीवर आणून पुन्हा घडी घाला. आता ८ बाय १३. चार थर झाले. एका बाजूची घडी म्हणजे बाळाच्या अंगाचा मध्य. जिथे दोन्ही घड्या भेटतात तो कोपरा म्हणजे गळा.

४) गळ्याच्या कोपऱ्यापासून खांद्याच्या घडीवर २ इंचांवर खूण करा. मध्याच्या घडीवर खाली अर्ध्या इंचावर एक खूण (हा पाठीचा गळा) आणि सव्वादोन इंचांवर दुसरी खूण (हा पुढचा गळा).

५) आता घडी नसलेल्या बाजूला या. खांद्यापासून खाली साडेचार इंचांवर खूण. तिथून आत अडीच इंच आडवी रेघ. ही बाही. रेघेच्या टोकापासून खाली पायाच्या बाजूला रेघ ओढा. खाली येताना अर्धा इंच बाहेर घ्या, म्हणजे झबल्याला घेर येतो. काखेचा कोपरा टोकदार ठेवू नका, गोल करा.

६) काखेची रेघ चारही थरांतून कापा. गळा कापताना आधी चारही थर पाठीच्या खुणेवर, म्हणजे अर्ध्या इंचावर कापा. मग कापड उघडून फक्त पुढचा भाग सव्वादोन इंचांपर्यंत खोल करा. घाईत दोन्हीकडून खोल कापलं तर पाठ उघडी पडते आणि झबलं खांद्यावरून घसरतं.

७) पुढच्या भागाच्या मध्याची घडी वरपासून खालपर्यंत कापा. फक्त पुढचीच! आजींनी कात्री चालवली होती ती हीच जागा.

आता शिवण, याच क्रमाने :

- पुढच्या दोन्ही उघड्या कडा अर्धा-अर्धा इंच दुमडून हेम करा.
- गळ्याला क्रॉस पट्टी लावा. क्रॉस पट्टी म्हणजे कापडाच्या कोपऱ्यातून तिरकी कापलेली सव्वा इंचाची पट्टी. तिरकं कापड ताणतं, म्हणून गोल गळ्यावर चुण्या न पडता बसतं. सरळ पट्टी लावली तर गळा उभा राहतो आणि बाळाच्या हनुवटीला टोचतो.
- बाहीची कड हेम करा.
- कुशीची शिवण दुहेरी घाला. आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर शिवा. दोरे-धागे छाटा. काखेच्या गोलात टाक्याला न लागता दोन-तीन छोटे काप द्या. मग कापड उलटवून, सुलट बाजू आत घेऊन, पुन्हा पाव इंचावर शिवा. कापलेली कड शिवणीच्या पोटात बंद होते. आतून एकही धागा बाळाला लागत नाही.
- खालची कड पाऊण इंच दुमडून हेम करा.
- बंद लावा. एक जोडी गळ्याशी, दुसरी तिच्याखाली तीन इंचांवर. प्रत्येक बंद पाच इंचांचा. बंदाच्या मुळाशी चौकोनात बखिया घाला आणि जोर लावून ओढून बघा. सुटला तर आत्ता तुमच्या हातात सुटू दे, बाळाच्या तोंडात नको.

३६ इंची पन्ह्याच्या एक मीटर कापडात दोन झबली आणि दोन टोपडी बसतात. दोन झबली शेजारी-शेजारी, म्हणजे रुंदीत ३२ इंच आणि लांबीत २६ इंच. खाली सात इंचांत दोन टोपडी. उरलेल्यात बंद आणि पट्ट्या. क्रॉस पट्टी लहान पडली तर दोन तुकडे जोडून घ्या.

बाळाच्या जिवाशी खेळ नको

हा भाग तीनदा वाचा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

- टाचण्या आणि सुया मोजा. शिवायला बसताना डबीत दहा असतील तर उठताना दहाच भरल्या पाहिजेत. नऊ भरल्या तर दहावी सापडेपर्यंत तो कपडा घराबाहेर जाणार नाही. तयार कपड्यावर दोन्ही तळहात दाबून फिरवा आणि एक चुंबकही फिरवा.
- बटण, मणी, टिकल्या, घुंगरू नकोत. तीन वर्षांखालचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. सुटलेलं बटण श्वासनळीत अडकू शकतं. डोळे, नाक, फुलं सगळं दोऱ्याने भरा.
- घट्ट इलॅस्टिक नको. मनगटावर, मांडीवर वळ उठतात.
- आतून लोंबणारे धागे छाटा, विशेषतः मोज्यांत आणि हातमोज्यांत. लांब धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर बोटाचं रक्त अडतं.
- शिवून झालेला प्रत्येक कपडा धुऊन, उन्हात वाळवूनच द्या.

खेळणं शिवणार असाल तर

उरलेल्या तुकड्यांतून मऊ ठोकळा छान होतो. साडेचार इंचांचे सहा चौकोन, पाव इंचाची शिवण, एका बाजूला फट ठेवून सुलट करायचा आणि धुतलेल्या चिंध्यांचे बारीक तुकडे गच्च भरून फट बखियाने बंद करायची. घरच्या बाळाला, शेजारच्या बाळाला खुशाल द्या.

विकायचा मात्र विचार असेल तर कायदा माहीत हवा. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं बंधनकारक आहे. कापडी खेळणंही खेळणंच. पण हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट दिली आहे. या कारागिरांना ‘पहचान’ नावाचं ओळखपत्र मिळतं. म्हणून ज्या गटांना खेळणी विकायची आहेत त्यांनी आधी या नोंदणीची चौकशी करावी आणि मगच माल करावा. झबलं, टोपडं, दुपटं हे कपडे आहेत, खेळणी नाहीत. त्यांना हा आदेश लागत नाही. म्हणूनही मी सुरुवात बाळंतविड्याने करा म्हणते.

किंमत काढताना स्वतःला विसरू नका

आमच्या सोळा झबल्यांच्या वेळी दुसरी चूक किमतीत झाली. कापडाचा आणि दोऱ्याचा खर्च धरला, त्यावर थोडे पैसे चढवले आणि विकली. मी विचारलं, शिलाईचे किती धरले? सगळ्या हसल्या. "शिलाई काय, घरचीच आहे की!" तायांनो, शेतात दुसऱ्याच्या बांधावर गेलो तर आपण मजुरी घेतो. मग आपल्याच हाताची मजुरी फुकट का?

खालचे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या बाजारातला भाव टाकून हिशेब पुन्हा करा.

समजा कापड १०० रुपये मीटर आहे.
एक झबलं आणि एक टोपडं (अर्धा मीटर) : ५० रुपये
दुपट्याचे दोन थर (दोन मीटर) : २०० रुपये
दोरा आणि पिशवी : ३० रुपये
सामानाचा खर्च : २८० रुपये
शिलाई ४ तास, तासाला ५० रुपये धरून : २०० रुपये
एकूण : ४८० रुपये
बिघाड आणि न विकलेला माल यासाठी दहा टक्के : ४८ रुपये
एका बाळंतविड्याची किंमत : ५२८ रुपये

याच्या खाली विकलं तर तुम्ही स्वतःच्या मजुरीतून गिऱ्हाइकाला सूट देताय. द्यायची असेल तर द्या, पण कळून द्या. सुरुवातीला चार तासांऐवजी सहा लागतील. ते दोन तास गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत, ती आपल्या शिकण्याची फी. प्रत्येक नगाला किती वेळ लागला ते वहीत लिहीत चला. वेळ कमी होत गेला की हात बसला म्हणायचं.

आणि एक. पहिल्याच दमात कर्ज काढून वीस मीटर कापड आणू नका. एक बाळंतविडा शिवा, घरातल्या किंवा शेजारच्या बाळाला घाला, तीनदा धुवा. बंद टिकले का, रंग राहिला का, बाळाला घालता-काढता येतो का ते बघा. एक झबलं बाळावर घालून पाहिलं असतं तर आमची पंधरा झबली उसवावी लागली नसती.

पुढच्या बैठकीसाठी

१) प्रत्येकीने टाक्यांची चिंधी आणि एक टोपडं शिवून आणायचं. कसंही झालं तरी आणायचं.

२) टोपडी शेजारणीशी बदला. बंद ओढून बघा, आतली शिवण तपासा, तळहात फिरवा. चूक सापडली तर हसू नका, दाखवा.

३) चर्चा करा : आपल्या गावात पुढच्या चार महिन्यांत किती बारशी आहेत? बोरन्हाण कुणाकुणाकडे आहे? आशाताई आणि अंगणवाडीताईंशी बोला. आधी गावातलं गिऱ्हाईक, मग तालुका.

४) गटात कुणाला चांगलं शिवता येतं? अनेकदा ती कोपऱ्यात गप्प बसलेली आजी असते. तिला पुढे बोलवा आणि शिकवण्याची मजुरीही ठरवा.

त्या बारशातला नातू आता घरभर पळतो. कापून दुरुस्त केलेलं ते झबलं त्याच्या आजीने जपून ठेवलंय. मी गेले की पेटीतून काढते आणि नव्या सुनांना दाखवते, "हे बघा, मॅडमचं झबलं!" मी लाजते, पण बरंही वाटतं. मधोमध आजींच्या कात्रीचा काप आहे, जरा वाकडाच, आणि त्याच्या दोन्ही कडांना माझा पहिलावहिला हेम. टाके मोठे-लहान आहेत. पण चार टाके सोडले तर सगळे अजून टिकून आहेत.

तुमच्या टोपड्यांची वाट बघते.

तुमची ताई,
क्षेत्र समन्वयक